हिशोब जुळतो तेव्हा काय जुळते? ‘ग्नूकॅश’ या आज्ञावलीचे परीक्षण

घरखर्चाच्या वहीत आपण सहसा एकच बाजू लिहितो. दूध ६२ रुपये, भाजी ११०, रिक्षा ४०. पैसे गेले एवढे त्यातून कळते. ते खिशातून गेले, बँकेतून गेले की वाण्याच्या उधारीवर चढले, हे बहुधा लिहिलेले नसते. मग महिनाअखेरीस वहीतली बेरीज आणि पासबुकातली शिल्लक यांचा मेळ बसत नाही आणि उरलेली तफावत ‘किरकोळ’ नावाच्या रकान्यात ढकलली जाते. व्यापारी माणूस हा घोळ करीत नाही. त्याच्याकडे कीर्द असते, खतावणी असते, आणि प्रत्येक नोंदीला नावे व जमा अशा दोन बाजू असतात. ‘ग्नूकॅश’ ही आज्ञावली म्हणजे व्यापाऱ्याची ही शिस्त घरातल्या माणसाला संगणकावर पाळता यावी यासाठी केलेला एक दीर्घ प्रयत्न आहे.

ती विनामूल्य मिळते, पण तिचे परीक्षण या मासिकातून करावेसे वाटले ते त्या कारणाने नव्हे. ती ‘मुक्तस्रोत’ आहे. तिची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते, बदलता येते, आणि तिच्यात कोणते दोष सापडले, कोणी कळवले, त्यावर काय वाद झाले, दुरुस्ती कशी झाली, याच्या नोंदीही उघड्या आहेत. एखाद्या प्रयोगशाळेची कच्ची वही हाती लागावी तसे हे आहे. छापील शोधनिबंधात सगळे प्रयोग पहिल्याच फटक्यात यशस्वी झालेले दिसतात. कच्च्या वहीत खाडाखोड दिसते. शिक्षकाला दुसरी अधिक उपयोगी, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आज्ञावलीचा इतिहास थोडक्यात असा. १९९७ साली रॉबिन क्लार्क या विद्यार्थ्याने अमेरिकेत महाविद्यालयीन प्रकल्प म्हणून ती सुरू केली. तेव्हा तिचे नाव ‘एक्स-अकाउंटंट’ होते. पुढे लिनास व्हेप्स्टास यांनी ती हाती घेतली आणि तिला ग्नूकॅश हे नाव मिळाले. तेव्हापासून हौशी, स्वयंसेवी प्रोग्रॅमर मंडळी ती सांभाळत आली आहेत. आज ती लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर चालते.

तिचा गाभा मात्र संगणकाहून कितीतरी जुना आहे. लुका पाचोली या इटालियन संन्यासी गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात तेथील व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत वर्णन केली. (ती त्याने शोधली असे पुष्कळदा सांगितले जाते; त्याने ती लिहून काढली, एवढेच खरे.) पैसा नाहीसा होत नाही, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो, हे तिचे सूत्र. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला त्यात अक्षय्यतेच्या नियमाची ओळख पटेल. सगळ्या नोंदींची बेरीज शून्य आली पाहिजे. आली नाही तर कुठेतरी चूक आहे. तेरीज जुळत नसेल तेव्हा जुने कारकून आधी फरकाला ९ ने भाग जातो का ते पाहत. ५४० ऐवजी ४५० लिहिले गेले तर फरक ९० पडतो. दोन शेजारचे अंक अ आणि ब उलटे पडले की फरक (१०अ + ब) − (१०ब + अ) म्हणजे ९(अ − ब) होतो, अंक कोणतेही असोत. सातवी-आठवीच्या वर्गात हे दहा मिनिटांत होते आणि मुलांना बीजगणित कशाला शिकायचे याचे एक प्रामाणिक उत्तर मिळते.

परंतु ही कसोटी काय पकडते आणि काय निसटू देते, हे नीट पाहिले पाहिजे, कारण या आज्ञावलीचे गुणदोष तिथेच आहेत. एका बाजूला ५४० आणि दुसऱ्या बाजूला ४५० लिहिले तर ती ओरडते. दोन्ही बाजूंना ४५० लिहिले, औषधाचा खर्च किराण्यात टाकला, किंवा नोंद करायचीच राहून गेली, तर ती गप्प बसते. हिशोब जुळला म्हणजे बरोबर असलाच पाहिजे असे नाही. न जुळलेला हिशोब मात्र नक्की चुकलेला असतो.

आता ग्नूकॅशचे वागणे पाहा. तुम्ही रक्कम लिहिली, पण ती कोणत्या खात्यातून आली हे लिहिले नाही, तर आज्ञावली नोंद नाकारत नाही. ती ‘इम्बॅलन्स’ नावाचे एक खाते आपणहून उघडते आणि राहिलेली बाजू त्यात घालते. या योजनेवर बरीच टीका होते. मला ती पटत नाही. उणीव लपवण्याऐवजी तिला नाव देऊन खात्यांच्या यादीत बसवणे ही चांगल्या प्रयोगवहीची रीत आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. हे खाते वर्षानुवर्षे वाढत गेले तरी आज्ञावली कधी टोकत नाही. बँकेचे विवरण एकदम आत घेतले आणि नोंदी खात्यांना जोडल्या नाहीत, तर त्या सगळ्या तिथेच जाऊन पडतात. वहीतले ‘किरकोळ’ इथे नव्या नावाने परत आले, असेच म्हणावे लागते.

या आज्ञावलीतला सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग वापरणाऱ्याला दिसतच नाही. तो म्हणजे रक्कम साठवण्याची पद्धत.

संगणक अपूर्णांक सहसा दोनाच्या पायात ठेवतो. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेलो तर ०.३३३… असे संपतच नाही, तसा दोनाच्या पायात एक दशांश संपत नाही. तो ०.०००११००११००११… असा पुढे पुढे चालत राहतो, आणि जागा संपली की संगणक त्याला कापतो. नियम शाळेतलाच आहे: अतिसंक्षिप्त रूपातील छेदाचे मूळ अवयव पायाच्या मूळ अवयवांपैकीच असतील तरच अपूर्णांक संपतो. दहाचे अवयव २ आणि ५. दोनाचा अवयव फक्त २. तेव्हा रुपयाच्या ० ते ९९ पैशांपैकी किती रकमा संगणकाला तंतोतंत लिहिता येतात? फक्त चार: ०, २५, ५० आणि ७५. बाकी ९६ रकमा अंदाजाने. गंमत अशी की १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्यापूर्वीचा सोळा आण्यांचा रुपया संगणकाला उत्तम मानवला असता. एक आणा म्हणजे एक सोळांश, जुना पैसा म्हणजे एक चौसष्टांश. दोन्ही दोनाच्या पायात नेमके संपतात. आण्याची बारावी पै तेवढी घोटाळा करते, कारण तिच्या छेदात ३ आहे.

प्रत्यक्षात ही चूक फार लहान असते. नेहमीच्या पद्धतीने ०.१ दहा वेळा मिळवले तर संगणकात १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. घरच्या हिशोबात असा फरक पैशापर्यंत पोचायला कित्येक जन्म लागतील. मग काळजी कशाला? कारण हिशोबाची कसोटी ‘फरक लहान आहे का’ अशी नसते, ‘फरक शून्य आहे का’ अशी असते. ज्या आज्ञावलीला १ आणि ०.९९९९९९९९९९९९९९९९ वेगळे वाटतात ती जुळलेली नोंद न जुळलेली म्हणेल. त्यावर उपाय म्हणून ‘अर्ध्या पैशाच्या आतला फरक सोडून द्या’ असे सांगितले, तर सुटलेले अर्धे पैसे कुठे साठतात हे पाहणारा कोणी उरत नाही. लहान चुका साठल्या की काय होते याचे एक प्रसिद्ध उदाहरण कॅनडातले आहे. व्हँकुव्हरच्या रोखे बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये आपला निर्देशांक १००० पासून सुरू केला. दिवसातून हजारो वेळा तो नव्याने काढला जाई आणि दर वेळी दशांशचिन्हानंतरच्या तीन स्थळांपुढचे अंक पूर्णांकन न करता सरळ कापले जात. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२५ च्या आसपास उतरला होता. फेरगणित केले तेव्हा खरा आकडा १०९८.८९२ निघाला. तिथे दोष दोनाच्या पायाचा नव्हता, कापण्याचा होता, आणि कापणी नेहमी एकाच बाजूला होत होती.

ग्नूकॅशनेही सुरुवातीला संगणकाची नेहमीचीच अपूर्णांक पद्धत वापरली होती. २००० सालच्या सुमारास ती टाकून देऊन प्रत्येक रक्कम परिमेय संख्या म्हणून, म्हणजे अंश आणि छेद असे दोन पूर्णांक म्हणून, ठेवण्यास सुरुवात झाली. पूर्णांकांची बेरीज संगणक नेमकी करतो, त्यामुळे शून्य म्हणजे शून्यच. प्रत्येक पूर्णांकाला ६४ बिटांची मर्यादा आहे, पण ती नवावर अठरा अंक इतकी दूर आहे. गुणाकारात मधली संख्या त्याहून मोठी होऊ शकते, म्हणून तेवढ्यापुरती १२८ बिटांची जागा घेतली जाते.

याहून नाजूक प्रश्न म्युच्युअल फंडाचा आहे. दरमहा ५००० रुपये गुंतवणाऱ्या शिक्षकाचे उदाहरण घेऊ (मुद्रांक शुल्क सोडून देऊ). त्या दिवशी एका युनिटचे मूल्य ४३.२७१८ रुपये आहे. भागाकार केला तर ११५.५४८६… युनिट येतात. विवरणात तीन स्थळांपर्यंत ११५.५४९ असे छापले जाते. आता उलट गुणाकार करून पाहा: ११५.५४९ × ४३.२७१८ = ५०००.०१. एक पैसा जास्त! रक्कम, युनिट आणि दर या तिन्ही छापील आकड्यांना एकाच वेळी खरे मानता येत नाही. कोणाला तरी गौण ठरवावे लागते. ग्नूकॅश नोंदीच्या प्रत्येक बाजूत युनिटची संख्या आणि रुपयांतली रक्कम अशा दोन गोष्टी ठेवते आणि दर त्यांच्या भागाकारातून काढते. जे प्रत्यक्षात हातचे गेले आणि जे प्रत्यक्षात पदरात पडले, ते दोन्ही मोजलेले आकडे. दर हा काढलेला आकडा. मोजलेले जपावे आणि काढलेले पुन्हा काढावे, हे प्रयोगशाळेत आपण मुलांना घसा कोरडा करून सांगतो. ते इथे इतक्या स्वच्छपणे पाळले आहे की तेवढ्यासाठी मी या आज्ञावलीचे दहा दोष माफ करीन.

अकरावा दोष मात्र तारखेचा.

हिशोबातली तारीख हा साधा शिक्का आहे असे आपण मानतो. ग्नूकॅशने ती वेळेतला एक क्षण मानली. तुम्ही पुण्यात बसून १ एप्रिलची नोंद केलीत की ती ‘१ एप्रिल, मध्यरात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटे, भारतीय प्रमाणवेळ’ अशी साठवली जाई. आपली प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणजे हा क्षण ग्रीनिचला ३१ मार्चच्या संध्याकाळी साडेसहाचा. पुढे तुम्ही लेकीकडे लंडनला गेलात, सोबत नेलेल्या संगणकाने तिथली वेळ धरली आणि तुम्ही फाइल उघडली. लंडनला त्या तारखेला उन्हाळी वेळ असते. तिथे तो क्षण संध्याकाळी साडेसातचा, पण ३१ मार्चचाच. आज्ञावली ती नोंद ३१ मार्चची म्हणून दाखवणार. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. एका विमानप्रवासाने मिळकत एका वर्षातून दुसऱ्या वर्षात गेली! आणि तिथे बसून ती नोंद दुरुस्त करून साठवली, तर परत आल्यावरही ती ३१ मार्चचीच राहणार.

लक्षात घ्या, हे होऊनही तेरीज जुळते. नोंदीच्या दोन्ही बाजू एकाच वेळी सरकल्या, त्यामुळे पाचोलीच्या कसोटीला काहीच दिसले नाही. जी चूक सर्व मापांवर सारखा परिणाम करते ती मापांच्या तुलनेतून सापडत नाही. वजनकाट्याच्या दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ बसावी तसे.

हा दोष अनेक वर्षे रेंगाळला, आणि त्याचे कारण उद्बोधक आहे. दोष दुरुस्त करण्याची पहिली अट म्हणजे तो आपल्या समोर पुन्हा घडवून आणता येणे. जो प्रोग्रॅमर आपल्या गावीच बसून काम करतो त्याच्याकडे तो कधीच घडत नाही. पूर्वेला प्रवास केला तरी घडत नाही: पुण्यातली मध्यरात्र टोकियोत पहाटेचे साडेतीन असते, तारीख तीच. फक्त पश्चिमेला गेलेल्यांची तारीख मागे सरकते. तक्रार करणाऱ्याने ‘माझ्या तारखा बदलतात’ एवढेच लिहिले तर ऐकणाऱ्याला तो वेंधळेपणा वाटणे स्वाभाविक आहे. ‘मी अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी गेलो, आधी हे दिसत होते, नंतर हे दिसू लागले’ असे कोणी लिहिले, तर घड्याळाची प्रमाणवेळ बदलून टेबलावरच प्रयोग करता येतो. आपल्या विद्यार्थ्यांना निरीक्षण लिहायला शिकवताना हे उदाहरण मी बिनदिक्कत वापरीन.

यावर निघालेला तोडगा भूगोलाच्या तासाला नेण्यासारखा आहे. तारखेसोबत मध्यरात्रीऐवजी ग्रीनिचचे सकाळचे १० वाजून ५९ मिनिटे ही वेळ साठवायची. ही विचित्र वेळ कशाला? पृथ्वीगोल आणि प्रमाणवेळांचा नकाशा घेऊन बसा. ग्रीनिचच्या १३ तास पुढे असलेल्या ठिकाणी त्या क्षणी रात्रीचे ११.५९ झालेले असतात, म्हणजे तारीख बदलायला एक मिनिट बाकी. १० तास मागे असलेल्या हवाईत मध्यरात्रीनंतरचे १२.५९, म्हणजे तीच तारीख. जवळपास सारी मानवजात या एका क्षणी एकाच तारखेत असते. बाहेर राहतात ती थोडी बेटे: किरिबातीची लाइन बेटे १४ तास पुढे, तिथे दुसरा दिवस उजाडलेला; अमेरिकन सामोआ ११ तास मागे, तिथे आदल्या दिवसाचे ११.५९. त्यांच्यासाठी आज्ञावलीत वेगळी तरतूद करावी लागली.

तोडगा चतुर आहे यात शंका नाही, पण मला तो समाधानकारक वाटत नाही. मूळ चूक वर्गीकरणाची होती. तारीख ही लेबल आहे, क्षण नव्हे. पावतीवर जी छापली ती जगात कुठेही तीच राहिली पाहिजे. साधे वर्ष-महिना-दिवस असे तीन आकडे ठेवले असते तर किरिबातीचा विचार करण्याची पाळीच आली नसती. तसे करता आले नाही, कारण लोकांच्या जुन्या फायली आधीच ‘क्षणां’नी भरलेल्या होत्या आणि त्या नव्या आवृत्तीत उघडणे भाग होते. दोष जुना झाला की तोच नियम होतो. त्याच्या अवतीभोवती बांधकाम करावे लागते. २००३ साली जॉन विग्ली यांनी सुरू केलेली ‘लेजर’ ही आज्ञावली या बाबतीत सरळ आहे. तिथे सगळा हिशोब साध्या मजकुराच्या फायलीत असतो आणि तारीख लिहिली तशीच राहते. मात्र तिला ना खिडक्या ना बटणे. हुकूम टंकून उत्तर मागावे लागते. घरातल्या इतरांना ती वापरायला लावणे कठीण.

मुक्तस्रोताचे समर्थक सांगतात की पाहणारे डोळे पुष्कळ असले की दोष टिकत नाहीत. तारखेच्या प्रकरणावरून या विधानाला पुरवणी जोडावी लागेल. ओळी सर्वांना खुल्या असणे वेगळे आणि त्या समजणारे असणे वेगळे. ग्नूकॅशचा मुख्य भाग ‘सी’ आणि ‘सी प्लस प्लस’ या भाषांत आहे, अहवाल तयार करणारा भाग ‘स्कीम’ या तिसऱ्याच भाषेत. या भाषा आणि शिवाय जमाखर्च जाणणारी माणसे मूठभर, तीही फावल्या वेळात काम करणारी. तरीही खुलेपणाचा एक फायदा निर्विवाद आहे. मायक्रोसॉफ्टने ‘मनी’ ही आपली घरगुती हिशोबाची आज्ञावली २००९ साली विकणे थांबवले, तेव्हा तिचे पुढे काय करावे हे ठरवण्याचा अधिकार वापरणाऱ्यांकडे नव्हता. ग्नूकॅश तिच्या पहिल्या लेखकाने सोडल्यावरही चालू राहिली.

आपल्या वाचकांना जाणवतील अशा अडचणी आणखी आहेत. युरोपातल्या, विशेषतः जर्मनीतल्या, बँकांशी ती थेट बोलू शकते. आपल्या बँकांची विवरणे उतरवून घेऊन हाताने आत घालावी लागतात, आणि तेव्हा दिवस-महिन्याचा क्रम तपासणे आवश्यक, नाहीतर ४ मे चे ५ एप्रिल होते. मराठी भाषांतर उपलब्ध आहे. नवशिक्यासाठी नावे-जमा या शब्दांऐवजी खात्याच्या प्रकारानुसार ‘ठेव’, ‘काढले’ अशा अर्थाचे मथळे दिसतात. बँक पासबुकात ‘जमा’ म्हणते ते बँकेच्या वहीतले जमा, तुमच्या वहीत ते नावे, हा गोंधळ त्यामुळे टळतो. पण समजतही नाही. वाणिज्य शिकवणाऱ्यांनी पसंतीच्या यादीत जाऊन खरे मथळे सुरू करून घ्यावेत. एकदा पुसलेली नोंद परत आणण्याचा सोपा मार्ग नाही, हे तिसाव्या वर्षाकडे निघालेल्या आज्ञावलीला शोभत नाही. आणि फाइलला परवलीचा शब्द लावण्याची सोय मुळातच नाही. गणिताचे शिक्षक म्हणून ज्यांच्या गळ्यात सोसायटीचे खजिनदारपद पडते, त्यांनी शाळेच्या सामायिक संगणकावर ही फाइल ठेवू नये.

ती फाइल एकदा उघडून मात्र जरूर पाहावी, स्वतंत्र प्रत काढून. नेहमीच्या पद्धतीने साठवलेली फाइल म्हणजे आवळून ठेवलेला साधा मजकूर असतो. ती सैल केली की कोणत्याही मजकूर-संपादकात वाचता येते. खाती, तारखा, नोंदींच्या दोन्ही बाजू, सगळे ओळीने सापडते. पासबुकातले १२३४ रुपये ५० पैसे तिथे १२३४५०/१०० असे लिहिलेले असतात, आणि तारखेपुढे १०.५९.